पायऱ्या ९३, रु. ३००

गीझरच्या पोटातून गंज आला,
बादलीत कोऱ्या चहासारखं पाणी,
तेव्हा माझं पहिलं वाक्य होतं : कितीला पडेल?
तेहतीस वर्षं पंचायत समितीत, लेखा शाखेत.
माझ्या तोंडून दुसरं काय निघणार.

कुडाळच्या दुकानाने छापील कागद पाठवला.
दहा हजार नऊशे नव्व्याण्णव, सगळं धरून.
फोन केला. सगळं म्हणजे काय काय?
पलीकडचा पोरगा म्हणाला, मॅडम, सगळं म्हणजे सगळं.
असली बिलं मी परत पाठवत असे
समासात लिहून : तपशील नाही.

आंतोन फिटरचं कोटेशन
चौकटीच्या वहीतून फाडलेल्या पानावर.
कोपऱ्यात पेन्सिलीचा मासा, बहुतेक त्याच्या मुलीचा.
टाकी पंचवीस लिटर, आतून काचेचा लेप, नऊ हजार दोनशे.
व्हॉल्व्ह तीनशे ऐंशी.
पायप, एल्बो, टेप मिळून अकराशे चाळीस.
भिंतीचं भोक बुजवणे, अडीचशे. मजुरी नऊशे.
जादा दांडी एक, साडेचारशे.
पायऱ्या ९३, तीनशे.
जुना गीझर भंगारात, वजा साडेतीनशे.

दांडी कसली, मी विचारलं.
त्याने जुनीतली काढून दाखवली :
बोटभर तार, भोवती चघळलेला ऊस असावा तसं काहीतरी.
"बाई, तुमच्या बावीचा पाणी खारा.
टाकयेक खाता ता. आधी ह्या दांडयेक खाऊंदे,
तवसर टाकी रवात."
एवढं बोलून तो गप्प.
मीही गप्प. साडेचारशेवरची फुली
मी तिथल्या तिथे खोडली.

मुलगा मस्कतहून म्हणाला, ऑनलाइन सात हजार दोनशेला आहे.
म्हटलं, त्यात आपली विहीर दिसते का बघ.
तो म्हणाला, आई, तो तुला फसवतोय.
असेल.
फसवणारा माणूस भंगाराचे पैसे
आपणहून वजा करतो का, हे मला ठाऊक नाही.
कदाचित तीच तर युक्ती.

पण पायऱ्यांचे तीनशे मला खुपत होते.
पायऱ्यांचे कसले पैसे?
वेंगुर्ल्यात घाटी काय फक्त आमच्याच दारात?
संध्याकाळी बंदरावर गेले, बांगडे घेतले,
येताना मोजत चढले.
चाळीसला थांबले. एकसष्टला पिशवी दुसऱ्या हातात.
त्र्याण्णव.
एकतीस वर्षं राहतेय इथे, कधी मोजल्या नव्हत्या.
बांगडे दीड किलो.
टाकी किती, ते त्याने लिहिलं नव्हतं.

रात्री पातेल्यात पाणी तापवून अंग धुतलं
आणि बेरीज घातली.
सवयीने. खालून वर, मग वरून खाली.
बारा हजार दोनशे सत्तर.
त्याच्या कागदावर बारा हजार एकशे सत्तर.
शंभराची चूक,
आणि त्याच्याच अंगावर.

बोलायचं कशाला, हा विचार आला.
आला तो आला, लपवत नाही.
घासाघीस करून मी फार तर शंभरच कमी करून घेतले असते,
ते तर आयतेच ताटात.
कागद उशाखाली ठेवला. समुद्राचा आवाज येत होता.
पहाटे उठून लाल पेन शोधलं,
आकडा दुरुस्त केला, बाजूला लहान सही, तारीख.

आंतोनने कागद डोळ्यांजवळ धरला.
ओठ हलवत बोटांवर मोजलं, दोनदा.
मग हसला, वरचा एक दात नाही त्याला.
"तुमी शंबर वाडयलास,
आता घाटयेचे शंबर मी कमी करतंय."
कानामागची पेन्सिल काढून तीनशेचे दोनशे केले.

म्हणजे आकडा पुन्हा बारा हजार एकशे सत्तर.
कालचाच. फक्त आता जुळणारा.

दुपारी टाकी आली, त्याच्या पाठीवर, सुतळीने बांधून.
मी वरून पाहत होते. तो दोनदा थांबला.
एकदा साधारण चाळीसला.

शेजारच्या गवंडेवहिनी कुंपणावरून म्हणाल्या,
बारा हजार? महाग नाही का पडला?
काय सांगणार.
म्हटलं, खाली बंदरापर्यंत जाऊन या आधी,
हातात काहीतरी घेऊन.